दिवेलागणीचा गुन्हा

माझ्या भावाने अमरावतीत, राजापेठेतल्या आमच्या घरात, माडीवरच्या खोलीत गांजा लावला आणि शिक्षा आईलाही झाली. हे वाक्य कितीदाही लिहिलं तरी माझा संताप कमी होत नाही.

खोलीला कायम कुलूप. आत मोबाइलच्या दुकानाचा माल आहे, असं त्याने सांगितलेलं आणि आईने ते मानलं. एकुलत्या एका मुलाचं ती सगळंच मानायची. पण त्या खोलीच्या ट्यूबलाइटचं बटण बाहेर, जिन्यात होतं. तिन्हीसांजेला लक्ष्मी येते, एकही खोली अंधारी नको, म्हणून देवाजवळ दिवा लावला की आई घरभर लाइट लावत फिरायची. त्याही खोलीचा लावायची, झोपताना बंद करायची. भाऊ दुकानातून त्यानंतरच यायचा.

मग धाड पडली. घर आईच्या नावावर, म्हणून तीही आरोपी. कोर्टात तिला विचारलं, त्या खोलीशी तुमचा काय संबंध?

"रोज लाइट लावत होती ना मी. कावून नाई लावू?" आई ठसक्यात म्हणाली.

आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला. भाऊ शेजारीच उभा होता. आईला काही माहीत नव्हतं, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. झाडांना उजेड देऊन तिने मदत केली, असं निकालात आलं. दोघांनाही सक्तमजुरी.

अपील केलं, पण आईला जामीन मिळेना. मी अकोल्याहून एसटीने तुरुंगात भेटायला जायचे, आधी आईला, मग नाइलाजाने त्याला. एकदा मी त्याला म्हटलं, "आई तुह्यापायी अंदर सडून राहिली." तर तो माझ्यावरच उखडला.

"अन् तिनं माह्या झाडाईचं वाटोळं केलं त्याचं काय? माहे दिवे टायमरवर होते, संध्याकाळी बंद. त्यापुढं पुरा अंधार पाहिजे, तवा ते झाड फुलते, अन् फुलाचाच तं गांजा बनते. तिच्या लाइटीनं एकाले फूल धरलं नाई, अन् मले पत्ताच नाई!"

मध्ये जाळी नसती तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. तिथून उठले ती थेट नव्या वकिलाकडे गेले.

नागपूरला हायकोर्टाच्या सुनावणीत वकिलाने पंचनामा पुढे ठेवला. एकाही झाडाला फूल नव्हतं. जाणूनबुजून मदत करणारी बाई रोज न चुकता त्याच पिकाची नासाडी कशाला करेल? आई निर्दोष सुटली. भावाचं अपील फेटाळलं, कारण झाड लावणं हाच गुन्हा, फुलो की न फुलो. मला वाईट वाटलं नाही.

आईला घरी आणलं. संध्याकाळी तिने देवाजवळ दिवा लावला आणि सवयीने जिन्यापर्यंत गेली. तिथे बटणाकडे बघत उभी राहिली. मी काही बोलणार, तेवढ्यात वळून तिने मला विचारलं, "लावू काय वं? आता कोनाले विचारा लागते?"