उद्घाटनाआधी हात लावू नये

आपण किती मागास आहोत हे पटवून द्या, अशी त्या सरकारी अर्जाची मुख्य अट होती. ऊर्जा-संशोधनात मागे राहिलेल्या भागांची क्षमता वाढवायची योजना होती ती. राजेहो, विभागप्रमुख म्हणून मी अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयाचा अनुशेष असा काही रंगवला की अनुदान पहिल्याच झटक्यात मंजूर! स्टाफरूममध्ये सगळ्यांनी पेढे मागितले. मागास ठरल्याचे पेढे मी वाटलेसुद्धा.

अनुदानातून यंत्र आलं, कोणत्या इंधनात किती उष्णता आहे हे मोजणारं. त्याची खरी गरज एकीलाच होती. माझ्या हाताखाली पीएचडी करणारी अंजनगाव सुर्जीची मुलगी, कापूस वेचून झाल्यावर उरणारी पऱ्हाटी दाबून ती जळणाच्या कांड्या बनवत होती. कांड्या तयार होत्या, मोजमाप तेवढं राहिलं होतं आणि प्रबंध द्यायला चारच महिने उरले होते. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, दुसरी मिळणार नव्हती.

पण यंत्राला हात कसा लावणार? उद्घाटन नको व्हायला? आमच्याकडे आधी हळदकुंकू, नारळ, फीत आणि पाहुणे. वापर मग सवडीने. प्राचार्यांनी मुंबईच्या एका बड्या साहेबांना बोलावलं होतं आणि साहेबांना सवड नव्हती. यंत्र प्लास्टिक पांघरून कुलपात बसलं.

"सर, काहून थांबून राहिलो आपण?" ती दर सोमवारी विचारायची. "चार दिवसांचं काम हाये. मोजते, आन होतं तसं झाकून ठेवते."

"वापरलेल्या यंत्राचं उद्घाटन करतात काय बाप्पा?" मी म्हणायचो. वर वाटायचं, काय बिनतोड बोललो!

तिसऱ्या महिन्यात ती कांड्यांची पिशवी घेऊन एसटीने अकोल्याला गेली. तिथल्या एका महाविद्यालयालाही त्याच योजनेतून तसंच यंत्र मिळालं होतं. संध्याकाळी पिशवी तशीच घेऊन परत आली.

"तिकडचंबी झाकूनच हाये, सर. तेबी त्याच साहेबाची वाट पाहून राहिले."

मी पोट धरून हसलो. ती हसली नाही. खोलीची किल्ली माझ्याच खिशात असायची. एका रविवारी दार उघडून दिलं असतं तर कोण मला फासावर चढवणार होतं? पण मी प्राचार्यांना घाबरलो. लिहितानाही लाज वाटते.

साहेब आले ते तिची मुदत उलटून आठ दिवसांनी. औक्षणाला कोणी मुलगी हवी म्हणून प्राचार्यांनी तिलाच बोलावून घेतलं. ती आली, नीट साडी नेसून, हातात तबक घेऊन. साहेबांनी कुंकू लावून घेतलं, फीत कापली, यंत्राकडे लांबूनच बघून मागास भागाच्या प्रगतीवर अर्धा तास भाषण ठोकलं. मग फोटोसाठी उभे राहताना शेजारी उभ्या असलेल्या तिला म्हणाले, "बेटा, तू काय करतेस इथे?"

"संशोधन करत होती, साहेब. मागच्या आठवड्यात मुदत संपली."

"छान, छान," साहेब म्हणाले. ते कॅमेऱ्याकडे बघत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि ती माझ्याकडे बघत होती.