कोळगावच्या वर्गातली हजेरी

आजही कुणी ‘पुनर्रचना’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. तो शब्द मी पहिल्यांदा वाचला ऐंशीच्या दशकात, बोईसरच्या कायद्याच्या कॉलेजातल्या फळ्यावर.

कॉलेज तेव्हा बाजारामागच्या एका शाळेत सकाळी भरायचं. मी प्रवेश घेतला तो त्याच भरवशावर. किनाऱ्यावरच्या आमच्या नवापूरहून पहिल्या एसटीने आई आणि मी मासळीची पाटी घेऊन यायचं, आई बाजारात बसणार, मी वर्गात, आणि वर्ग सुटला की मीही तिच्याशेजारी विकायला बसणार, असं ठरलं होतं. आमच्यात मासळी किनाऱ्याला लागली की ती बाईची. विकायची कशी, द्यायची कुणाला, सगळं तीच ठरवते.

प्रवेश उरकले आणि मग सूचना लागली. पुनर्रचनेनुसार दुसरं-तिसरं वर्ष बोईसरलाच, पहिलं वर्ष मात्र पालघरजवळ कोळगावच्या माळावर, नव्या इमारतीत. जुन्या विद्यार्थ्यांची गैरसोय नको म्हणे! आणि आमची झाली तर चालेल? आम्ही कालचे आलेले, आमचं ऐकतंय कोण! इमारत कसली, चार भिंती आणि वर पत्रे. प्यायला पाणी नाही, मुलींना आडोसा नाही.

एसटीने बोईसर, तिथून रेल्वेच्या शटलने पालघर आणि पुढे तंगडतोड. शटल वेळेवर आली तर शपथ! मी धापा टाकत पोचायचे तोवर पहिला तास संपलेला असायचा, आणि हजेरी फक्त पहिल्या तासाला. पुढचे तिन्ही तास मी मान मोडून लिहून घ्यायचे, पण वहीत मी गैरहजर. सरांना सांगितलं तर म्हणाले, “आधीची गाडी पकडत जा.” अहो, आधीची गाडी असती तर मी काय हौसेने उशिरा येत होते? डोंगराकडून येणारी एक मुलगी पावसाळ्यातच कॉलेज सोडून गेली. तारापूरच्या कारखान्यात रात्रपाळी करून येणारा एकजण दिवाळीनंतर दिसला नाही. त्यांचं काय झालं, हे कुणी विचारलंही नाही.

परीक्षेच्या तोंडावर यादी लागली. हजेरी कमी, परीक्षेला बसता येणार नाही. त्यात माझं नाव होतं. घरी मावशीने स्थळ आणून ठेवलेलंच होतं. वर्ष गेलं असतं तर मी सरळ बोहल्यावर.

“मी बोलते सायबाशी,” आई म्हणाली. “मानूसच हाय ना तो?”

प्राचार्य बोईसरच्या कचेरीत बसायचे. आईने सकाळच्या मासळीतली सर्वांत मोठी दोन पापलेटं निवडली, केळीच्या पानात बांधली. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जाणं तिला ठाऊकच नव्हतं. तिने पुडकं टेबलावर ठेवलं. “सायेब, पोरगी रोज येते. गाडीच येळंवर नाय, ती काय करंल?”

प्राचार्य ताडकन उठले. “कायद्याच्या कॉलेजात लाच?”

“लाच नाय सायेब, खायाला आनलंय,” आई म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी शिपायाला बोलावून तिला बाहेर काढलं. पापलेटं मात्र परत कुणी दिली नाहीत!

मला म्हणाले, “आईचा लेखी माफीनामा आण. लाच देऊ केली, असं स्पष्ट लिहून. मग हजेरीचं बघू.”

ती अट मी त्यांच्या तोंडावर फेकायला हवी होती. वर्षभर त्यांनी आम्हाला माळावर झुलवलं, माझं असणं नसल्यासारखं लिहिलं, आणि माफी कुणी मागायची? माझ्या आईने! पण मी व्हरांड्यात बसले आणि लिहिलं. मुलीला परीक्षेला बसू द्यावं म्हणून मी लाच आणली, चूक कबूल आहे, माफी असावी. शुद्ध भाषेत, सुवाच्य अक्षरात.

आईला वाचता येत नव्हतं. “काय लिवलंस?” तिने विचारलं.

“अर्ज हाय,” मी म्हणाले.

तिने लगेच अंगठा पुढे केला. मी तो शाईत दाबला, कागदावर टेकवला, आणि तिने शाई पदराला पुसली.

मी परीक्षेला बसले, पास झाले, पुढे वकीलही झाले. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही, पण माझा स्वतःचा येतो तो त्याहून जास्त. आई मरेपर्यंत नवापूरभर सांगत राहिली, “सायेब पयला रागावला, पन भला मानूस. माझा अर्ज वाचला नि लगेच मानला.” मग माझ्याकडे वळून विचारायची, “व्हय ना गं?”

मी दर वेळी हो म्हणाले.