म्हाताऱ्या हत्तिणीची कातडी

माझी मावशी लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढायची, पण तिच्या टेबलावर ब्रश कमी आणि फाटका टॉवेल, गोणपाट, तुटका कंगवा असलाच पसारा जास्त. गोणपाटाला रंग लावून कागदावर दाबलं की भिंत तयार. ओल्या रंगावरून कंगवा ओढला की अस्वलाचे केस. चित्र गुळगुळीत निघालं की ती ते सरळ फाडायची.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, डोळे फार दिवस साथ देणार नाहीत. तेव्हा तिने एका म्हाताऱ्या हत्तिणीचं पुस्तक घेतलं, शेवटचं म्हणून. कागदी पिशव्या भिजवायच्या, चुरगाळायच्या, उलगडून रंग लावायचा आणि ठसा घ्यायचा, असे आठ महिने. स्वयंपाकघरभर करड्या पिशव्या वाळत. आम्हाला चहा करायचीही चोरी.

छपाईच्या आदल्या दिवशी प्रकाशकांनी पानं बघायला बोलावलं. मी सोबत गेले. मावशीने पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मग हळूच मला विचारलं, "तुला सुरकुत्या दिसतात का गं?"

"नाहीत," मी म्हणाले. हत्तीण साबणाच्या वडीसारखी नितळ होती.

संगणकावर बसणाऱ्या बाई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या, "स्कॅनमध्ये फार घाण आली होती. तीन दिवस बसून एकेक डाग काढलाय."

बिचारीने मान मोडून काम केलं होतं, तिच्यावर काय डाफरणार? मी प्रकाशकांवर डाफरले. मूळ चित्रं त्यांनी स्वतः पाहिली होती, आणि ही पानंही त्यांनीच पास केली होती.

"आता परत कोण करत बसणार?" ते म्हणाले. "मुलांना काय कळतंय त्यातलं? पुढच्या पुस्तकात बघू."

"पुढचं नाही," मावशी म्हणाली. "आणि हेही नाही. माझी चित्रं परत द्या."

मी तिचा हात दाबला. निघू दे गं, असंतसं का होईना, निघू दे. तिने हात सोडवून घेतला.

पुस्तक निघालं नाही. त्या माणसाचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं. पण खोटं कशाला बोलू, मावशीचाही राग येतो. एकाही पोराने ती हत्तीण पाहिली नाही.

आता तिला दिसत नाही. परवा शेजारणीने सहज विचारलं, "तुमचं शेवटचं पुस्तक कोणतं हो?" मावशीने हत्तिणीच्या आधीच्या पुस्तकाचं नाव सांगितलं, अगदी शांतपणे, आणि मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं.