नव्वद किलोमीटर जाणारी गाडी

ओरेस्ट बोयचुकने कॅनडातल्या, सस्काचेवानमधल्या आमच्या गावात आयुष्यभर धान्याच्या कोठारावरची यंत्रं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर एकच यंत्र हाती उरलं, बावीस वर्षांची निळी एसयूव्ही. मी त्यांची शेजारीण; माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो मला कमरेखालीच दिसतो. बाकीचा बॉनेटमध्ये असतो. आठवड्यातून तीनदा त्या गाडीतून तो बायकोला, स्टेफाला, नव्वद किलोमीटरवरच्या शहरात डायलिसिसला नेतो.

मेच्या पहिल्या गरम दिवशी परत येताना गाडी तापली. ओरेस्टने जुनी युक्ती केली. इंजिनाची उष्णता आत ओढायला हीटर पूर्ण सोडला आणि चारही काचा खाली केल्या. स्टेफा घरी उतरली ती घामाने निथळत, तोंड लाल.

त्यांच्या मुलीला, लारिसाला, हे कळायला तासही लागला नाही. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, "रविवारी मी येतेय. तोवर गाडी नीट झाली नाही तर तुम्ही दोघं इकडे शहरात राहायला यायचं. हॉस्पिटलजवळ फ्लॅट बघितलाय."

"चौथ्या मजल्यावर," स्टेफा मला म्हणाली. एवढंच म्हणाली आणि भांडी पुसत राहिली. त्या घरात त्यांना एकावन्न वर्षं झाली होती.

शनिवारी सकाळी मी गेले तर गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाणी सोडणारी झडप, दोऱ्याला बांधून शेगडीवरच्या पातेल्यात सोडलेला.

"पिरोही उकडायचं पातेलं आहे ते!" स्टेफा. पिरोही म्हणजे त्यांच्याकडच्या उकडलेल्या करंज्या.

"पिरोहीच आहे असं समज. फुगून वर आली की झालं." ओरेस्टने मला थर्मामीटर धरायला लावला. पाणी उकळायच्या आधीच झडप सावकाश उघडली. म्हणजे थर्मोस्टॅट धडधाकट. ओरेस्टचा चेहरा पडला. बिघाड तिथे असता तर तासाभरात काम झालं असतं.

मग बाहेर. पाण्याचा पंप कुठे गळत नव्हता. पंखा हाताने फिरवला, तोही हवा तसा जड फिरला. नळ्या दाबून पाहिल्या. दुपारपर्यंत सगळं तपासून झालं आणि ओरेस्ट बंपरवर बसून राहिला.

"बाबा रे, बसून गाडी दुरुस्त होते का?" स्टेफा खुर्चीतून म्हणाली.

"तू बसलीस म्हणून मीही बसलो."

शेवटी त्याने रेडिएटर धुवायला घेतला. धान्याचा भुसा अडकला असेल म्हणून इंजिनाकडून पाणी मारलं. ते समोर जाळीतून बाहेर यायला हवं होतं. आलं नाही, उलट त्याच्याच अंगावर उडालं. त्याने टॉर्च घेतली, वरची पट्टी काढली आणि रेडिएटर आणि त्याच्यापुढची एसीची जाळी यांच्यामधल्या बोटभर फटीत चिमटा घातला. भिजलेला पुठ्ठा बाहेर आला.

थंडीत इंजिनाला ऊब राहावी म्हणून आम्ही सगळेच पुढे पुठ्ठा लावतो. ओरेस्टने स्वतःचा एप्रिलमध्येच काढला होता. हा दुसरा होता. बरण्यांच्या खोक्याचा, शिवणाच्या कात्रीने मापात कापलेला, आणि चारही कडांना कापडाला घालावी तशी चिकटपट्टीची दुमड.

अशी दुमड कोण घालतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. स्टेफा खुर्चीतच डोळे मिटून पडली होती. ओरेस्टने पुठ्ठा घडी करून कचऱ्यात टाकला आणि मला हळूच म्हणाला, "तू काही पाहिलं नाहीस. लारिसाला वाटेल आईचं डोकं चालेनासं झालं. मग फ्लॅट नक्की."

रविवारी लारिसा आली तेव्हा मीही तिथेच होते. ओरेस्ट चहा ओतता ओतता म्हणाला, "थर्मोस्टॅट गेला होता. बदलला."

"काही गेला नव्हता," स्टेफा म्हणाली. "मी काल डोळे मिटले होते, झोपले नव्हते. जानेवारीत हा न्यूमोनियाने हॉस्पिटलात होता ना, तेव्हा एक पुरेना म्हणून मी आत घातला होता तो दुसरा पुठ्ठा. काढायचा विसरले."

लारिसाने कप खाली ठेवला. "जानेवारीत? उणे अडतीस होतं तेव्हा. आई, तू एकटी गाडी चालवत गेलीस?"

हे मलाही ठाऊक नव्हतं. मी नेते म्हटलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, सोय झालीय.

"त्याला तिसऱ्या मजल्यावर ठेवलं होतं आणि माझं डायलिसिस पहिल्या. " तिने माझ्याकडे बोट केलं. "हिच्या गाडीतून गेले असते तर हिला परतायची घाई. मला संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ बसायचं होतं."

ओरेस्ट खिडकीबाहेर बघू लागला. हे त्यालाही नवीन होतं. तिला मीच सोडलं असं तो समजत होता.

मग लारिसा म्हणाली, "आमच्या ऑफिसातल्या दोघांच्या गाड्या याच आठवड्यात तापल्या. दोन्हींत पुठ्ठा. विसरलेल्यांपैकी एकाला तर बत्तीस वर्षंही पूर्ण नाहीत." तिने किल्ली मागितली, आईला शेजारी बसवलं आणि हमरस्त्याला गेली. पाऊण तासाने परतली.

"तापमानाची सुई मधेच, वर गेलीच नाही," ती म्हणाली. "फ्लॅटवाल्याला उद्या नाही म्हणून कळवते."

ओरेस्टने गाडीचं दार उघडून स्टेफाला हात दिला. स्टेफा पायरीवर त्याचा हात धरून चढली आणि म्हणाली, "खोटं बोलताना अजून तुझे कान लाल होतात रे."