बांधावरच्या झाडाची ताडी

माझ्या थोरल्या साडूंइतका दुसऱ्याला दमवणारा माणूस त्या काळच्या अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नव्हता. असलाच तर तो माझ्या नात्यात नव्हता, एवढी देवाची कृपा. मी मुळातच दमलेला माणूस. बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करणारा माणूस दमलेलाच असतो. सकाळपाळी संपते तोवर दुपारपाळी लागते, दुपारपाळी अंगवळणी पडते न पडते तोच रात्रपाळी येते, आणि शुक्रवारी कारखाने बंद असले की त्या एका दिवसात सहा दिवसांची थकबाकी झोप वसूल करायची असते. हिवाळा लागला की नेमक्या त्याच शुक्रवारी पहाटे चारला माझ्या खिडकीखाली सायकलची घंटी वाजायची. तीन वेळा, मध्ये नीट अंतर ठेवून. बायको कूस बदलत म्हणायची, "भाऊजी आलेत. उठा." भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिच्या आवाजात थोडी माया असायची, पण ती सगळी भाऊजींसाठी. थंडीत बाहेर उभे आहेत बिचारे, अशी.

ह्या सगळ्याला एक जुनं मासिक कारणीभूत होतं. कारखान्याच्या दवाखान्यात बसल्या बसल्या साडूभाऊंनी त्यात वाचलं की परदेशात लोक सुट्टी काढून सायकलवरून द्राक्षांच्या मळ्यांतून हिंडतात, गावोगावी थांबून तिथली दारू घोट घोट चाखतात, आणि त्यांच्याबरोबर सगळं समजावून सांगणारा एक माहीतगार वाटाड्या असतो. चित्रंही होती म्हणे. मासिक खिशात घालून ते थेट माझ्या घरी आले. "आपल्याकडे द्राक्षं नाहीत," ते म्हणाले, "म्हणून काय घरी बसायचं? घिवलीपासून माकुणसारपर्यंत ताड उभे आहेत, माड उभे आहेत. सायकली आहेत. आणखी काय लागतं?" मी म्हटलं, "झोप लागते." ते त्यांनी ऐकलं नाही. वाटाड्या ते झाले आणि पर्यटक मी झालो. ही व्यवस्था पुढे अकरा हिवाळे चालली.

स्वतः ते सांगलीकडचे. सत्तरच्या सुमारास नोकरीसाठी आले तेव्हा ताड आणि माड ह्यांतला फरक त्यांना ठाऊक नव्हता. पाच वर्षांत त्यांना इतकं कळायला लागलं की इथल्याच मातीत जन्मलेली माणसं त्यांच्यापुढे गप्प बसायची. गळ्यात मफलर, पँटच्या पायांना क्लिपा आणि खिशात एक शिट्टी, हा त्यांचा वाटाड्याचा पोशाख. निघण्याआधी माझ्या सायकलची तपासणी व्हायची. डॉक्टरनं पोट दाबावं तसे ते दोन्ही टायर अंगठ्यानं दाबायचे आणि म्हणायचे, "हवा कमी आहे, धाकटे." हवा कमी नसायची. पण पंप काढून दहा दट्टे मारल्याशिवाय त्यांना निघाल्यासारखं वाटायचं नाही, आणि दट्टे अर्थातच मी मारायचो. चढावर उतरायचं नाही, हा दुसरा नियम. मी उतरलो की मागून शिट्टी. पालघर मागे पडलं की प्रवचन सुरू. केळव्याची माडी बायकी असते, कारण माडांना सुपाऱ्यांची सावली. घिवलीची रागीट, कारण समुद्राचा वारा तिथे झाडाला स्वस्थ बसू देत नाही. माकुणसारची ताडी म्हणजे मात्र, असं म्हणून ते थांबायचे आणि एक हात सोडून नुसतं आकाशाकडे बोट करायचे. सायकल डुगडुगायची. मी डोळे मिटायचो.

आणि एवढं करून प्यायचा फक्त एक पेला. दुसरा मागितला की ते दुखावायचे. एकदा बायकोचे एक मावसभाऊ, मुंबईच्या बँकेतले अधिकारी, काळा चष्मा लावून आमच्याबरोबर आले. "ताडी घोटानं ऐकायची असते," साडूभाऊंनी त्यांना समजावलं. अधिकाऱ्यांनी साडूभाऊंची पाठ वळल्यावर तीन पेले ऐकले. परतीच्या वाटेवर ते इतक्या आनंदात होते की रस्ता डावीकडे वळला तेव्हा ते सरळ गेले आणि सायकलीसकट मिठागरात उतरले. आम्ही त्यांना बाहेर काढलं तेव्हा पांढऱ्या चिखलात चष्मा शोधत ते म्हणाले, "उत्तम सहल." साडूभाऊंनी त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही. मला मात्र त्या माणसाचा हेवा वाटला, कारण त्याला पुन्हा बोलावणार नव्हते.

साडूभाऊंचं खरं देवस्थान माकुणसारला होतं. तिथे लखमा नावाचा एक म्हातारा ताडी काढायचा. त्याच्या झोपडीमागे त्याचे तीन ताड होते. एक विहिरीजवळ, एक चिंचेखाली आणि एक खाऱ्या पाण्याच्या खाजणाच्या बांधावर. दरवर्षी हंगामाचा पहिला पेला लखमा साडूभाऊंना द्यायचा, आणि त्याची एक रीत होती. साडूभाऊ झाडांकडे पाठ करून खाटेवर बसायचे, डोळे मिटायचे. लखमा तिघांपैकी कुठल्याही एका झाडाचं मडकं उतरवून आणायचा. पेला आधी नाकाशी, मग एक घोट, मग बराच वेळ काही नाही. मग साडूभाऊ झाड सांगायचे. दहा वर्षांत एकदाही चुकले नाहीत. "बांधावरच्याला खारट झाक असते," ते मला सांगायचे, "अगदी शेवटी, जीभ टाळूला लावली की." मी जीभ टाळूला लावायचो. मला तिन्ही झाडांची ताडी ताडीसारखी लागायची.

पहिल्याच वर्षी त्यांनी लखमासमोर शब्द देऊन ठेवला होता. "ज्या वर्षी झाड चुकेल, त्या वर्षी सायकल देऊन टाकीन. मग ही फेरी बंद. वाटाड्यालाच वाट कळेना झाली तर त्यानं कुणाला नेऊ नये." खरं सांगतो, दर हिवाळ्यात त्यांनी डोळे मिटले की मी मनातल्या मनात गणपतीला साकडं घालायचो की बाबा, ह्या वर्षी चुकव. एक झाड चुकलं असतं तर मला आयुष्यभराचे शुक्रवार मिळाले असते.

साडूभाऊ रंगाच्या कारखान्यात स्टोअरला होते. तिथे पिंपं उघडली की डोळ्यांतून पाणी यायचं. "डावी नाकपुडी कारखान्याला दिली," ते हसत म्हणायचे, "उजवी माझी." पुढे पुढे त्या उजवीचीही त्यांना काळजी वाटायला लागली. घरी जेवताना माझ्या मेव्हणीला विचारायचे, "आमटीला फोडणी कसली?" ती सांगायची, "रोजचीच." मग ते वाटी पुन्हा नाकाशी न्यायचे. मला हे दिसत होतं. गणपतीला साकडं घालणं मी तरीही सोडलं नव्हतं.

अकराव्या वर्षी आम्ही माकुणसारला पोचलो तेव्हा धुकं होतं. साडूभाऊ मान खाली घालून पँटच्या क्लिपा काढत खाटेकडे गेले आणि रीतीप्रमाणे झाडांकडे पाठ करून बसले. लखमानं पेला आणून हातात दिला. धुकं विरत होतं. मी समोर उभा होतो, मला झाडं दिसत होती. विहिरीजवळचा ताड दिसला, चिंचेखालचा दिसला. बांधावर नुसता बुंधा होता. पावसाळ्यातल्या वादळात तिसरा ताड पडला होता.

साडूभाऊंनी पेला नाकाशी नेला. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. घोट घेतला, पुन्हा घेतला. कपाळावर घाम आला त्यांच्या, त्या थंडीत. मग ते मोठ्यानं म्हणाले, "बांधावरचं! तीच खारट झाक."

लखमानं माझ्याकडे बघितलं. मी लखमाकडे बघितलं. अकरा वर्षं मागितलेलं गणपतीनं माझ्या ओंजळीत टाकलं होतं. तोंड उघडायचा अवकाश होता. पण साडूभाऊ डोळे मिटून बसले होते, निकालाची वाट बघणाऱ्या शाळेतल्या मुलासारखे.

"बरोबर हाय, भाऊ," लखमा म्हणाला. "बांदावरचाच हाय. तुमी कवा चुकनार नाय."

साडूभाऊंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली.

मग लखमानं त्यांना हाताला धरून झोपडीच्या दुसऱ्या बाजूनं नेलं, नवी शेळी दाखवायला. शेळी जुनीच होती. आम्ही निघालो. केळव्याच्या सुरूच्या बनात आम्ही नेहमी उकडलेली अंडी खायला थांबायचो. त्या दिवशी तिथवर येताना साडूभाऊंनी प्रवचन केलं नव्हतं, शिट्टीही वाजली नव्हती. मी एका चढावर मुद्दाम उतरून बघितलं होतं. त्यांनी अंडं सोललं, खाल्लं आणि विचारलं, "ह्याला मीठ आहे?"

"आहे."

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "निघताना मी मागे वळून बघितलं, धाकटे. बुंधा दिसला." मी माझं अंडं सोलत राहिलो. "लखमाला खोटं बोलता येतं. तुम्हाला येत नाही. किती जोरात मान हलवलीत!" आणि मग, अंड्याची टरफलं कागदात गोळा करत, "उजवीही गेली."

पुढच्या शुक्रवारी घंटी वाजली नाही. चारला मला जाग आली, आणि मी तसाच पडून राहिलो. बायकोही जागीच होती. "भाऊजी नाही आले?" तिनं विचारलं. सायकल त्यांनी कारखान्याच्या रखवालदाराला देऊन टाकली होती, शब्दाप्रमाणे. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्याही तेच. इतकी हक्काची झोप, आणि मी चारपासून छताकडे बघत पडलेला. मला स्वतःचाच भयंकर राग आला. चौथ्या शुक्रवारी उठलो, कपडे केले, त्यांच्या चाळीखाली गेलो आणि घंटी वाजवली. तीन वेळा, मध्ये नीट अंतर ठेवून.

खिडकी उघडली. "कोण आहे?"

"पर्यटक," मी म्हटलं.

 मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला आता चव कळत नाही हो, धाकटे."

"मला कधी कळत होती?" मी म्हटलं.

खिडकी बंद झाली. मला वाटलं, संपलं. मग दिवा लागला, आणि जिन्यावरून मफलर गुंडाळत साडूभाऊ उतरले. ते वाकले आणि माझ्या सायकलचा मागचा टायर अंगठ्यानं दाबला. "हवा कमी आहे," ते म्हणाले. "दोघांना पुरायची नाही." मी दहा दट्टे मारले. ते कॅरियरवर बसले आणि मी त्यांना माकुणसारला घेऊन गेलो. चढावर उतरायला गेलो तर कानाशीच शिट्टी वाजली.

त्या दिवशी ते खाटेवर झाडांकडे तोंड करून बसले. लखमा त्यांच्यादेखतच विहिरीजवळच्या झाडावर चढला. पेला त्यांनी आधी माझ्या हातात दिला. "सांगा," म्हणाले. मी घोट घेतला, जीभ टाळूला लावली आणि अकरा वर्षं जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं, सुरुवातीचा गोडवा, मधला कडवटपणा, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते. "बरोबर," म्हणाले, आणि मग पेला हातात घेतला.

असे आणखी दोन हिवाळे गेले. माझे गुडघे त्याच दोन हिवाळ्यांत कामातून गेले. मग ते निवृत्त होऊन मुलाकडे सांगलीला राहायला गेले. हिवाळा लागला की त्यांचं एक कार्ड यायचं. त्यात प्रकृती, हवापाणी, मुलीचं लग्न, काही नसायचं. एकच ओळ असायची: हवा भरून ठेवा.

आता कार्ड येत नाही. गुडघ्यांमुळे मी सायकलवर बसतही नाही. पण हिवाळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी बायको पंप आणून अंगणात ठेवते, आणि मी दहा दट्टे मारतो.