यमुनाक्का गेल्या, असं मी सांगितलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आबांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, तेही मला नीट कळत नाही. पण आधी एवढं ऐकून घ्या, की आबांनी त्या दिवशी मला किती छळलं होतं... म्हणजे, नाही, ते काही कारण नव्हे. तरी सांगते.

मी शिक्रापूरला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. पहिली गाडी घेतली तेव्हा मनात एकच होतं — दिवेआगरपासून हरिहरेश्वरपर्यंत समुद्राच्या कडेकडेनं गाडी चालवायची. मैत्रिणी येणार होत्या. एकेक करत सगळ्या गळाल्या. आणि कासुर्डीहून आईचा फोन — "आबांना ने की. कवाचे कोकण कोकण करत्यात."

आबा म्हणजे माझे आजोबा. आमच्या घरात त्यांच्या तरुणपणी मेंढरं होती, आणि पाऊस सरला की आबा कळप घेऊन घाट उतरायचे, कोकणातल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायला. तिथं एकदा ते तापानं फणफणले. बरोबरची माणसं कळप घेऊन पुढं गेली, आणि यमुनाक्का नावाच्या बाईनं आबांना स्वतःच्या पडवीत ठेवून जगवलं. पुढं मेंढरं विकेपर्यंत दर साली ते तिच्याकडं जायचे, ती त्यांना ओवाळायची. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की यमुनाक्काचं नाव निघालं की मी उठूनच जायचे.

तर प्रवास. काच बंद केली की आबांना कोंडायचं, उघडली की वारं लागायचं. ताम्हिणी घाटात ओकले. कुठं मेंढरू दिसलं की — "थांबव गं, कुणाची हायत इचारू दे." शेवटी समुद्र दिसला. मी गाडी कडेला घेतली, म्हटलं, आबा, बघा! त्यांनी बघितला. "खारं पाणी. जनावराच्या काय कामाचं?" आणि लगेच — "यमुनाक्काचा फाटा आला का?"

फाटा! गावाचं नाव त्यांना धड आठवत नव्हतं. एक चढ, एक ओढा, वर देऊळ — एवढ्यावर आम्ही दुपारभर गावं पालथी घालत होतो. मला सूर्य बुडायच्या आत हरिहरेश्वरला पोचायचं होतं. फोटो काढायचे होते. हो, एवढंच होतं.

श्रीवर्धनच्या अलीकडं एका चढाखाली आबा म्हणाले, "ह्योच." पण वर गाडी जात नव्हती, आणि पाय सुजलेले, त्यांना चढवेना. मी एकटी वर गेले. वळणावर फणसाखाली एक म्हातारे गृहस्थ दोरी वळत बसले होते. त्यांना विचारलं.

"आहेत की. देवळामागचं घर. कानानं कमी ऐकतात हल्ली, पण बऱ्या आहेत."

देऊळ दिसत होतं. मी तिथंच उभी राहिले. कळलं तर आबा कसेबसे वर चढणार, मग आज हलणार नाहीत, उद्याही नाहीत, आणि माझी सुट्टी त्या पडवीत तीच गोष्ट ऐकण्यात जाणार — हे डोक्यात आलं. मी मागं फिरले.

"गेल्या, आबा. दोन वर्षं झाली म्हणे."

आबांनी डोक्याचं मुंडासं सोडून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "हाल झालं का?"

"न्हाई. झोपेत गेल्या." हे जास्तीचं मला कुणी सांगायला लावलं होतं? पण जीभ चालूच. "तुमची आठवण काढायच्या म्हणे."

हरिहरेश्वरला आबा नेसत्या धोतरानिशी पाण्यात उतरले. बहिणीच्या नावानं त्यांनी आंघोळ केली आणि कुडकुडत बाहेर आले. आणि मी काय करत होते? नव्या सीटवर वर्तमानपत्र पसरत होते. चिडून.

त्या दिवाळीला आबांनी गोडाला हात लावला नाही. मग आईनंही काही केलं नाही. माझ्या एका थापेचं सुतक सगळं घर पाळत होतं, आणि मी — मी चकल्या का केल्या नाहीत म्हणून कुरकुरले.

इथं थांबता आलं असतं. पण हे अर्धंच आहे.

पुढं काही वर्षांनी ऑफिसची सहल तिकडंच गेली. सकाळी सगळे झोपेत असताना मी रिक्षानं त्या चढापर्यंत गेले आणि वर चढले. माफी मागायची, आबांना फोन लावून द्यायचा — सगळं ठरवलेलं होतं. यमुनाक्का अंगणात सुपाऱ्या सोलत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तेवढ्यात त्यांचा मुलगा म्हणाला, "मागं एक मुलगी चौकशी करून खालूनच परत गेली, असं आमचे शेजारचे काका सांगत होते. तुम्हीच का त्या?"

यमुनाक्का माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "तो का नाय आला गं?"

खरं बोलायला त्याहून सोपी वेळ मला कधी मिळणार होती?

"आबा वारले," मी म्हणाले. "तेव्हा तेच सांगायला आले होते. धीर झाला नाही."

मुलानं ते त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं. ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. मग त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली आणि सुनेला पाणी काढायला सांगितलं, डोक्यावरून घ्यायला. मुलानं माझा नंबर घेतला. मी चहा पिऊन निघाले. हो, चहासुद्धा प्यायले.

गेल्या महिन्यात त्या मुलाचा मेसेज आला — आई गेली. मी कासुर्डीला होते. आबा समोर बसून दुधात भाकरी कुस्करत होते.

"कुणाचं गं?"

"ऑफिसचं," मी म्हणाले, आणि त्यांच्या वाडग्यात आणखी थोडं दूध ओतलं.