बॅटरीच्या सायकलवर रोहा ते पेण

इलेक्ट्रिक बाईक रस्त्यावर चालते का, लायसन लागतं का, असं हल्ली बरेच वाचक विचारतात. हाच प्रश्न घेऊन आम्ही नव्वदच्या दशकात रोह्याहून पेणला गेलो होतो.

माझी मोठी बहीण, आमची ताई, रोह्याजवळ वरशाला राहायची आणि सायकलने पलीकडच्या गावात शाळेवर शिकवायला जायची. त्या वाटेला एसटी नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पायडल मारणं थांबलं. भावोजी कंपनीत इलेक्ट्रिशियन. त्यांनी तिच्या लेडीज सायकलला मोटर बसवली आणि कॅरियरवर बॅटरी बांधली. सायकल झकास पळाली. पण नाक्यावर कुणीतरी म्हणालं, नंबर नाही, लायसन नाही, पोलीस उचलून नेतील. झालं! बाईच कायदा मोडतात असं मुलांनी बघायला नको म्हणून ताईने सायकल पडवीत उभी केली. राजीनाम्याची भाषा सुरू झाली, तेव्हा मी म्हटलं, पेणच्या आरटीओला विचारू.

रोह्याचा एसटीवाला सायकल टपावर घेईना आणि टेम्पो सगळे पेंढा वाहायला लागलेले. म्हणजे चालवायची परवानगी आहे का, हे विचारायला चालवतच जायचं! रविवारी सकाळी निघालो. पुढे ताई, मागे लुनावर मी.

भिसे खिंडीत बॅटरीने मान टाकली आणि लुना कडेला ठेवून मला सायकल ढकलावी लागली. नागोठण्यात लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्याकडे बॅटरी चार्जिंगला लावली, मी मागे जाऊन लुना आणली आणि दुपार उलटेपर्यंत हॉटेलात मिसळ, चहा, पुन्हा चहा. हायवेवर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. वडखळला धरमतरच्या खाडीकडचा खारा वारा सायकल आडवी ढकलायचा. हँडलवर ताईची बोटं पांढरी पडली होती.

मुक्काम पेणच्या पुढे जोह्याला, ताईची नणंद रंजना हिच्याकडे. तिच्या घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. तिथे ओल्या मूर्ती फळीवर ठेवून दोघी उचलतात आणि रस्त्यापलीकडे उन्हात नेतात, संध्याकाळी परत आणतात. नजर मूर्तीवर असते, म्हणून गाडीचा कानोसा घेऊनच पाऊल टाकतात. रंजनाने कानोसा घेतला, माझी लुना बरीच मागे होती, काही ऐकू आलं नाही, ती रस्त्यात उतरली आणि समोर ताई! ब्रेक लागले. फळीवरचे गणपती हलले, पण पडले नाहीत.

अंगणात पोपटी लावली होती. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा घमघमाट सुटला, पण ताईने एक शेंग सोलली नाही. म्हणाली, "रस्त्यात पोर असतं तर? मला नको ती परवानगी."

रंजना उठली आणि गोठ्यातून बैलाची घुंगरमाळ घेऊन आली. हँडलला बांधत म्हणाली, "वहिनी, सायकल वाईट नाय गो. मुकी हाय. तिला बोलती करू."

सकाळी आरटीओच्या आवारात शिरलो, तर एक साहेब बाहेर आले आणि विचारू लागले, बैलगाडी कुणी आत आणली? सायकल बघून हसले. त्यांनी ताईला दोन फेऱ्या मारायला लावल्या, ब्रेक बघितले. मग म्हणाले, "नियमांचं पुस्तक इंजिनाच्या सीसीवर चालतं. हिला सीसीच नाही, मी कुठल्या खान्यात बसवू? गावात चालवा. मी अडवणार नाही. उद्या नियम आला तर तो पाळा." हळू, डावीकडून, दिवा लावून, असंही बजावलं. हायवेला मात्र साफ नाही म्हणाले. "आणि ही माळ काढू नका."

ताईने साहेबांचं ऐकलं. परतताना पेणच्या कंडक्टरने सायकल आणि लुना एसटीच्या टपावर घेतली आणि ताई खिडकीशी, मांडीवर पेणचे पोहे. रोहा येईपर्यंत तिची बडबड थांबली नाही, आणि मला फार बरं वाटलं.

पुढे अशा गाड्यांना ताकदीचे आणि वेगाचे नियम आले. घेण्याआधी ते आरटीओत विचारून घ्या. आवाजाचं मात्र आपलं आपणच बघावं.

राजीनाम्याचं नाव पुन्हा निघालं नाही. ताई त्याच शाळेतून रिटायर झाली. निरोप समारंभाला नवी पैठणी नेसून ती भावोजींच्या स्कूटरवरून गेली, मागून लुनावर मी. बघतो तर वर्गात धुडगूस, खडूंची फेकाफेक. घुंगरं वाजली नव्हती, त्यामुळे बाई आल्यात हे कुणाला पटेचना. ताई दारातून मागे वळली आणि भावोजींना म्हणाली, "अहो, घरी जावा आणि सायकल घेऊन या."